रद्द झालेला विजय

सव्वीस वर्षांनी आमच्या कॉलेजनं फुटबॉलमध्ये हार्लनबर्ग कॉलेजला हरवलं. पण असं काही घडलंच नव्हतं, असं समजा.

माझ्या प्रेयसीचे, डेलियाचे, वडील रॉस्को म्हणजे हार्लनबर्गचे कट्टर भक्त. त्या दिवशी स्टेडियमबाहेर सॉसेज भाजता भाजता मला म्हणाले, "आधी आम्हाला हरवून दाखव, मग माझ्या पोरीला मागणी घाल!" मॅच संपल्यावर आम्ही शंभर पोरांनी मैदानातला गोलपोस्ट उपटला, मिरवत नेला आणि त्यांच्याच अंगणात रोवला.

"पप्पा, शब्द म्हणजे शब्द हं," डेलिया म्हणाली.

"कर बाई, कर लग्न! पण आधी हा खांब हलवा!"

लग्न झालं, जुळी मुलं झाली. आणि परवा चौकशीत उघड झालं, की त्या मॅचमधल्या आमच्या हुकमी खेळाडूनं कॉलेजात नावच घातलं नव्हतं. स्पर्धेच्या समितीनं तो विजय रेकॉर्डमधून पुसून टाकला. कालच सासऱ्यांनी विवाह नोंदणी कार्यालयात अर्ज दिला:

"सदर विजयच रद्द झाल्यामुळे त्यावर आधारलेला विवाहही त्याच तारखेपासून रद्द समजावा. जुळी नातवंडं मात्र अर्जदाराकडेच ठेवावीत, ही नम्र विनंती."