पुस्तकात नाही

विलायत, जर्मनी आणि हॉलंड अशा तीन देशांत शिकून आलेला कर्णिक वकिलांचा दिनकर १९५८ साली पनवेलच्या खाडीवरच्या बांधांचा साहेब झाला. आमची भामाकाकी रोज ओहोटीला बांधावरून फिरायची, खेकड्यांची बिळं शोधायची आणि चिखल कोंबून टाचेने घट्ट दाबायची. दिनकरने पहिल्याच आठवड्यात तिचं काम बंद केलं.

"सायेब, बिलां बुजवली नाय तं उधानाला बांध फुटंल. समदी शेती खारी व्हईल," काकी म्हणाली.

"बाई, मी तीन देशांत शिकलोय. खेकड्याने बांध फोडल्याचं एकाही पुस्तकात नाही," तो सगळ्यांदेखत हसला.

श्रावणी अमावास्येच्या उधाणात बांध फुटला, तोही बिळांपाशीच. खारं पाणी शिरून गावाचं उभं भात करपलं. पुढची तीन वर्षं त्या जमिनीत गवताची काडीसुद्धा उगवली नाही. काकी म्हातारपणी वीटभट्टीवर राबायला गेली.



खेकडे बांध कसे फोडतात यावर मेल्याने मग स्वतःच पुस्तक लिहिलं, आणि त्याच पुस्तकाच्या जोरावर आज तो चौथ्या देशात मोठा साहेब आहे.