मिटल्या तोंडाचं मत

"हात नकोत, हुंकार द्या," अध्यक्ष म्हणाले आणि सभागृहातली कुजबुज थांबली. सुनेने डोळे मिटून घेतले.

वेबचे नियम ठरवणाऱ्या या मंडळात मत द्यायची हीच रीत होती. हात वर केला की तो आपापल्या कंपनीच्या साहेबाला दिसतो, आणि मग तो साहेबाच्या मर्जीनेच वर जातो. म्हणून डोळे आणि तोंड मिटून सगळ्यांनी नुसतं 'हंऽऽ' करायचं. ज्याचा आवाज मोठा, तो प्रस्ताव पुढे.

उद्याचं वेब कसं असावं, यावर दोन प्रस्ताव होते. एक सुनेचा. ज्याचे फोटो, ज्याची पत्रं, ती त्याच्याच घरच्या यंत्रात राहावीत. वेब म्हणजे फक्त मधला रस्ता, कुणा कंपनीचं गोदाम नव्हे. दुसरा नेमका सासूबाईंचा. वेबला माणसाचं बोलणं कळावं. नुसतं सांगितलं की त्याने शोधून आणून द्यावं. दोघी एकाच घरातून एकाच गाडीने आल्या होत्या आणि सभागृहाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. सासू-सुनेची जुगलबंदी ऐकायला शेजारच्या बैठकीतले लोकही दाराशी जमले होते.

सुनेने या कल्पनेसाठी रक्ताचं पाणी केलं होतं. आज ती पडली, तर संपलीच. पण त्याहून एक गोष्ट तिला जास्त खुपायची. सासूबाई या कामातल्या जुन्याजाणत्या, आणि त्यांनी तिच्या कल्पनेला कधी 'बरी आहे' एवढंही म्हटलं नव्हतं.

आधी सासूबाईंचा प्रस्ताव आला. सुनेने ओठ घट्ट मिटले. पण सकाळचं त्यांचं भाषण डोक्यातून जाईना. "ज्याला टाईप करता येत नाही, त्याने काय दाराबाहेरच उभं राहायचं?" असं त्या म्हणाल्या होत्या, आणि सुनेला माहेरची आई आठवली होती, साध्या अर्जासाठीही लेकीला फोन करणारी. खरं ते खरं. ओठ मिटलेलेच होते, पण हुंकाराला ओठ लागतात कुठे? चांगला खणखणीत निघाला.

मग तिचा प्रस्ताव. सभागृह पुन्हा घुमलं. अध्यक्षांनी कान टवकारले, मान हलवली. "दोन्ही आवाज सारखेच. दोघी मिळून एकच मसुदा लिहा."

बाहेर चहाच्या टेबलापाशी सुनेला राहवेना. "आई, एक सांगू? तुमच्या वेळी मीही हुंकार दिला."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "शहाणीच आहेस. म्हणजे मी तुझ्या वेळी दिला, तो फुकट घालवलास."

सून बघतच राहिली. "माझं पटलंय तुम्हाला?"

"कधीचंच. घरातच मान डोलावली असती, तर तू इथे इतकी भांडली असतीस का?"

सुनेला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिने लॅपटॉप उघडला. "मग सुरुवात तुमच्या मुद्द्यापासून. वेबला माणसाचं बोलणं कळणं सगळ्यात महत्त्वाचं."

"अजिबात नाही. आधी ज्याचं ते त्याच्या घरी."

"अहो, पण आई..."

आणि दोघी पुन्हा कडाकडा भांडू लागल्या, या वेळी एकमेकींच्या बाजूने.