जबडा कुणाच्या वळणावर?

चौदा वर्षांची ओवी विचारलं तरी तोंड उघडत नाही, ही हौसाबाईंची कुरकुर दवाखान्यातही चालूच होती. नातीचा जबडा जांभई देताना कटकट वाजायचा आणि मध्येच अडकायचा.

"हिच्या आईच्या माहेरची देणगी आहे ही," त्यांनी दवाखान्यातल्या बोलक्या तपासणी-यंत्रालाही बजावलं. सून विद्याने ओवीला यंत्रासमोर बसवलं.

तिघींची लाळ चाखून यंत्र म्हणालं, "दोष आजींकडून आला आहे. त्यांचाही सांधा असाच आहे."

"मग माझा कसा अडकला नाही रे?"

"बंद राहिला की अडकतो. तुमचा कधी बंदच राहिला नाही."

विद्या खिडकीबाहेर बघून हसली. हौसाबाईंनी पदर सावरला आणि नातीला फर्मावलं, "ऐकलंस? आजपासून मला उलट बोलायचं, आणि चांगलं तोंड उघडून!"