हार्कवेलांची टॅबिथा

“नाव काय ठेवलंत?” मेहिटाबेलने अंथरुणातूनच विचारलं.

जेबेझने तान्ही मुलगी तिच्या कुशीत दिली आणि टोपीवरचा बर्फ झटकला. प्रार्थनाघरातल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. ती फोडून पाद्रीबाबांनी पोरीचा बाप्तिस्मा उरकला होता.

“टॅबिथा,” तो म्हणाला. बायकोकडे त्याने पाहिलं नाही.

त्यांची टॅबिथा तर समोरच्या खाटेवर होती. नऊ वर्षांची, घसा सुजलेली, तापाने फणफणलेली. पण होती.

हार्कवेलांच्या घरात नाव रिकामं ठेवत नसत. जेबेझची आजी टॅबिथा इंग्लंडहून पहिल्या जहाजाने आली आणि या किनाऱ्यावर तिने घराणं उभं केलं. तेव्हापासून पिढीला एक टॅबिथा हवीच. एक मेली की पुढच्या मुलीला तेच नाव. मेहिटाबेलची पहिली टॅबिथा पाळण्यातच गेली होती, खाटेवरची दुसरी. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, अख्ख्या वसाहतीत हीच रीत होती. फक्त आधी माती द्यायची आणि मग नाव, एवढा धीर लोक धरत. जेबेझने धरला नाही. जमीन गोठली की कुदळ चालत नाही, म्हणून कोठारामागे त्याने खड्डाही खणून ठेवला होता. सगळी तयारी झाली होती. पोरीने मरायचं तेवढं बाकी होतं.

“अहो, तिचा श्वास चालू आहे,” मेहिटाबेल म्हणाली.

“उद्यापर्यंत नाही चालायचा. आणि यानंतर तुला मुलगी होईलच, हे कुणी सांगितलंय?”

ती गप्प बसली. अंगात त्राण नव्हतं, हे खरं. पण ती गप्प बसली, हेही खरंच.

टॅबिथा मेली नाही. दोन-तीन दिवसांत ताप उतरला. तिने मक्याची पेज मागितली आणि वाटी चाटूनपुसून खाल्ली. मेहिटाबेलला आकाश ठेंगणं झालं. घरात दुसरं कुणी हसलं नाही. शेजारणी आल्या त्या पाळण्यात डोकावल्या आणि खाटेकडे पाठ करून बसल्या. देवासमोर दिलेलं नाव परत घेता येत नाही, आणि एका नावाच्या दोघींत देव एकीलाच ठेवतो, असं त्या कुजबुजत होत्या. मेहिटाबेलने नवऱ्याला खड्डा बुजवायला सांगितलं. माती गोठलीय, राहू दे, असं म्हणून तो लाकडं फोडायला निघून गेला.

रविवारी दिवस मावळताना जेबेझची आई, म्हातारी अबिगेल, नेहमीप्रमाणे चुलीपाशी बसून घराण्याची नावं म्हणू लागली. तिने सांगायचं आणि पोरांनी मागून म्हणायचं. टॅबिथा आज पहिल्यांदाच खाटेवरून उठून आपल्या जागी बसली होती. पिढ्या उतरत उतरत म्हातारी जेबेझच्या मुलांवर आली.

“आयझॅक, तो आहे. टॅबिथा, ती गेली.” मग पाळण्याकडे पाहत तिने पुढचं म्हटलं, “टॅबिथा, ती गेली. टॅबिथा, ती आहे.”

मेहिटाबेलने जेबेझकडे पाहिलं. तो विस्तवाकडे बघत राहिला. तिला ओरडायचं होतं, पण याही वेळी जीभ उचलेना. थोरला आयझॅकसुद्धा चाचरला. टॅबिथा मात्र शहाणी पोर. आजीने सांगितलं तस्सं तिने खणखणीत आवाजात म्हटलं, एक शब्द न चुकता.

मग ती उठली, आईजवळ आली आणि तिच्या कानाशी लागली.

“आई, मी गेले तेव्हा तू रडलीस?”