नमुन्याची ओळ

धनवड्यांच्या साडीच्या दुकानावर वीस फुटी फ्लेक्सवर आपलीच ओळ वाचून वृषालीच्या डोक्यात तिडीक गेली: ‘आधी चार दुकानं फिरा, मग आमच्याकडे या!’

नोकरी सोडून ती नुकतीच स्वतंत्रपणे जाहिराती लिहू लागली होती. महिन्यापूर्वी याच धनवडे साडीवाल्यांनी नमुना म्हणून फुकटात ही ओळ लिहून घेतली आणि नाक मुरडून म्हटलं होतं, “नाही जमलं, ताई.”

ती तडक समोरच्या साडीच्या दुकानात शिरली. तिथे तिला जाहिरातीचं पहिलं गिऱ्हाईक मिळालं. आठवड्याभरात तिथेही फ्लेक्स लागला: ‘समोरच्यांनी पाठवलंय ना? या, बसा!’ बायकांची झुंबड उडाली.

धनवड्यांचा फोन आला. “ताई, आम्हालाही नवी ओळ द्या ना.”

“आधी चार जणांकडून लिहून घ्या,” वृषाली गोड आवाजात म्हणाली, “मग माझ्याकडे या!”