समजलं त्यांनी १ लिहा

साथीमुळे यांगत्से नदीकाठचे ते शहर बंद होऊन सहावा आठवडा लागला होता. मुख्याध्यापिका वेईबाई घरी बसून शिक्षिका लुओचा गणिताचा ऑनलाइन तास तपासत होत्या. पडद्यावर एकाही मुलाचा चेहरा दिसत नव्हता.

"समजलं त्यांनी १ लिहा," लुओ म्हणाली. क्षणात चॅटमध्ये बेचाळीस १ उमटले.

वेईबाईंना स्वस्थ बसवेना. त्यांनी लुओला फोन लावला. "आता नाही समजलं त्यांना १ लिहायला सांग."

पुन्हा बेचाळीस १, तितक्याच झटपट.

"मोठ्या बाई, म्हणजे मी इतके दिवस भिंतींना शिकवत होते?" लुओचा आवाज रडवेला झाला.

"रडायचं ते नंतर रड. मला विचारू दे." वेईबाई वर्गाशी बोलू लागल्या. "मुलांनो, गणित राहू द्या. घरात कुणीच मोठं माणूस नाही, असं कोण कोण आहे?"

पडदा बराच वेळ कोरा राहिला. मग एक १ आला. थोडे थांबून दुसरा. सातवा आला तेव्हा वेईबाई पायांत बूट चढवत होत्या.

"सोसायटीच्या फाटकावर अडवतील हो तुम्हाला," लुओ फोनवर म्हणाली.

"अडवू दे. तिथल्या रखवालदाराला पाढे मीच शिकवलेत."