एकाच डब्यातल्या गोळ्या

डॉक्टरांनी आजींच्या पत्राला उत्तरच दिलं नव्हतं. हृदयरोगावरच्या नव्या औषधाच्या चाचणीत आजोबा आणि त्या, दोघंही होते. “कुणाला औषध मिळेल, कुणाला साखरेची गोळी. मलाही ठाऊक नसतं,” डॉक्टर म्हणाले होते. “मग हिला साखर द्या, जीभ तरी गोड होईल,” आजोबा हसले होते. ते झोपेतच गेल्यावर आजींनी लिहिलं, ‘एकालाच औषध मिळू नये, म्हणून मी दोन्ही बाटल्या एका डब्यात ओतल्या. यांचं औषध माझ्या पोटात गेलं का?’ आज चाचणी थांबली, कुठल्या बाटलीत काय ते कळलं. औषधानंच माणसं दगावत होती. आजोबांच्या बाटलीत साखर होती, औषध आजींच्या. आयुष्यात खोटा आकडा न लिहिलेल्या डॉक्टरांनी लिहिलं, ‘दोन्ही बाटल्यांत साखरच होती, आजी. उरलेल्या गोळ्या फेका, डबा घासून ठेवा.’ आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.